चार कोंबड्या आणि दहा फूट

सोमवार, ३ फेब्रुवारी

सासूबाई आल्या. आठ दिवसांसाठी. सोबत एक निळी बॅग — जुनी, कडक पाठीची, दोन कड्यांची — आणि टोपलीत चार कोंबड्या. जिवंत!

"यांना कुणाच्या भरवशावर सोडून येऊ?" म्हणाल्या, आणि टोपली माझ्याच हातात दिली. आतून एकीने बोटावर चोच मारली. या शहरात घरी कोंबड्या पाळायच्या तर काय काय करावं लागेल, याची सतरा कलमं मी स्वतः लिहिली आहेत. परवाना विभागात त्याबद्दल माझं कौतुकही झालं होतं. कोंबडी हातात मात्र आज पहिल्यांदा घेतली. तीही टोपलीसकट.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हिने कपाटातला एक आख्खा कप्पा आईसाठी रिकामा केला. माझे स्वेटर कुठे गेले ते विचारायचं नाही.

कप्पा रिकामाच आहे. सासूबाईंची बॅग दाराशी उभी. सकाळी कड्या उघडतात — खट् खट् — त्या दिवसाचे कपडे काढतात, की पुन्हा खट् खट्. "बरं वाटलं की निघालेच," हे आज तीनदा ऐकलं. तिकडे त्यांच्या घरी न्हाणीघरात घसरून पडल्या, मनगट मोडलं, शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत तशाच पडून होत्या. डॉक्टरांनी सरळ सांगितलंय, आता एकटं राहायचं नाही. सासूबाईंना ते ऐकूच आलं नाही. एरवी त्यांना अंगणातल्या अळीची हालचाल ऐकू येते.

हिचं म्हणणं, आई आता कायमची इथेच. माझं मत अजून कुणी विचारलेलं नाही. मुदत संपल्यावर आलेल्या अर्जाला विभागात जी किंमत, ती घरात माझ्या मताला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कुंपणाच्या भिंतीवर सकाळी एक डोकं उगवलं. हरकतराव! शेजारी राहतात म्हणून शेजारी म्हणायचं. झाडाच्या फांदीवर हरकत, स्कूटरच्या आवाजावर हरकत, एकदा माझ्या खोकल्यावरसुद्धा.

"परवाना आहे का?"

"अहो, परवाने मीच देतो!"

"मग तर असायलाच हवा."

डोकं मावळलं. मी चहा तसाच टाकून आत आलो. कोंबडी घरी आणल्यापासून तीन आठवड्यांत परवाना घ्या नाहीतर कोंबडी हलवा — हे कलमही माझंच. तेव्हा वाटलं होतं, तीन आठवडे म्हणजे फार झाले, लोकांना कशाला एवढी ढील!

शनिवार, ८ फेब्रुवारी

टेप घेऊन परस मोजलं. कलम नऊ : खुराडं कोणत्याही राहत्या घराच्या भिंतीपासून दहा फूट दूर असावं. आमच्या भिंतीपासून हरकतरावांच्या घराच्या भिंतीपर्यंत बरोबर वीस फूट. दहा इकडून, दहा तिकडून. मधे उरते एक रेघ. कोंबडी रेघेवर राहू शकत नाही.

दहाच फूट का, असं तेव्हा मोठ्या साहेबांनी विचारलं होतं. मी म्हणालो होतो, अभ्यासाअंती. अभ्यास कसला! दहा हा आकडा दिसायला बरा वाटला होता.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी पुन्हा पुन्हा मोजलं, तर अंगण खरंच वाकडं निघालं. एका कोपऱ्यात वीतभर जास्त भरतं. त्या वितीत मी आशेने बराच वेळ उभा होतो. हिने खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज सासूबाई स्वतःच बोलल्या. भाजी निवडत होत्या, माझ्याकडे बघितलंही नाही.

"जावईबापू, माझ्यापायी तुमचे नियम वाकवू नका. परवाना नाही मिळाला तर मी यांना घेऊन जाते. त्या जिथे, तिथे मी. वाईट वाटून घेऊ नका."

भांडल्या असत्या तर मी नियम दाखवले असते. इतक्या समजुतीने बोलणाऱ्या माणसाला काय दाखवायचं?

ही स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. "कोंबड्या गेल्या की आई गेली. आणि आई तिकडे पुन्हा पडली तर... तुमची कलमं तुम्हीच उराशी धरून बसा." आपण केलेलं आपणच निस्तरायचं! उद्या अर्ज करतो. माझ्याच विभागात, माझ्याच खिडकीवर, पलीकडच्या बाजूने.

सोमवार, १० फेब्रुवारी

रांगेत उभं राहायला लावलं. हसू दाबायला शिपाई आत गेला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कलम नऊमध्ये एक पळवाट आहे. शेजाऱ्याने लेखी संमती दिली तर त्याच्या बाजूचं अंतर पाच फूट चालतं. ही अट घातली तेव्हा मी म्हणालो होतो, यामुळे शेजारधर्म वाढेल.

सहा अंडी घेऊन हरकतरावांकडे गेलो. ते अंड्यांकडे बघत राहिले.

"लाच?"

"छे! शेजारधर्म."

"मी अंडी खात नाही."

परतलो. येताना पायरीवर दोन फुटली. सासूबाईंनी माझ्या बुटाकडे पाहिलं. "नियम लिहिणाऱ्यांना अंडी धरता येत नाहीत होय?" मला राग यायला हवा होता. हसूच आलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी पायरीवर सासूबाईंच्या शेजारी बसून चहा घेतला. परवाही घेतला होता. सवय लागतेय की काय!

दाणे टाकायचं काम आता माझ्याकडे आहे. "फायली वाटल्यासारखे काय एकेक टाकता? मोकळ्या हाताने टाका!" मी मोकळ्या हाताने टाकले, ते सगळे अध्यक्षबाईंच्या डोक्यावर. अध्यक्षबाई म्हणजे छाती काढून चालणारी. तांबडी सगळ्यांत गुणी. मुकी दिवसभर ओरडते, तिचं नाव मुकी का ते विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "आशेने ठेवलं." चौथीला नाव नाही. ती माझ्याकडे फार रोखून बघते, म्हणून मी तिला मोठे साहेब म्हणतो. मनात.

आज सासूबाई खूप बोलल्या. सासरे गेल्यावर घरात हाक मारायला कोणी उरलं नाही, म्हणून कोंबड्या घेतल्या. "ओरडलं की निदान कुणीतरी मान वर करतं," म्हणाल्या. मग लगेच दाण्यांच्या भावावर घसरल्या. मीही भावावरच बोललो.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पुन्हा हरकतराव. या वेळी हात हलवत गेलो. नुसता बसलो. त्यांनी एकेक हरकत काढली — फांदी, स्कूटर, खोकला, गेल्या वर्षीचा रंगाचा वास. मी मधे बोललो नाही. तीन चहा झाले. माझ्या लक्षात आलं, यांच्या हरकती आजवर शेवटपर्यंत कुणी ऐकल्याच नसाव्यात. मी तर विभागात दुसऱ्या ओळीवरच शिक्का मारतो.

शेवटी दमले बिचारे. म्हणाले, "त्या आजीबाई सकाळी कोंबड्यांशी बोलतात. मला वाटायचं, माझ्याशीच बोलतायत. दोनदा मी 'ओ' दिली."

आणि सही केली. मी त्यांचा हात इतका हलवला की त्यांनी त्यावरही हरकत घेतली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

तपासणी. विभागाने कुणाला पाठवावं? आमच्या नव्या निरीक्षकबाईंना! यांना मीच तयार केलंय. "समोर सख्खा भाऊ असला तरी टेप सैल सोडायची नाही" — माझं वाक्य. बाईंनी टेप अशी ताणली की भिंत सरकेल असं वाटलं.

रविवारी उभ्या केलेल्या खुराड्याचं अंतर बरोबर. कोंबडा नाही, बरोबर. जाळी बरोबर. मग कलम अकरा : अंडी घालण्यासाठी स्वतंत्र, झाकण असलेली पेटी.

"साहेब, या अंडी कुठे घालतात?"

सासूबाईंनी मोठ्या अभिमानाने माझं हेल्मेट दाखवलं. आत तांबडी बसली होती.

बाईंनी लिहून घेतलं : हेल्मेट ग्राह्य नाही. "सॉरी साहेब. तुम्हीच शिकवलंत." सोमवारी पुन्हा येणार. मुदतीचा शेवटचा दिवस. बाई गेल्यावर मला त्यांचा रागही आला आणि अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस नुसता बावळट दिसतो. हिने तसं सांगितलंही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सासूबाईंच्या पुतण्याचा फोन. त्याची गाडी सोमवारी सकाळी तिकडे जातेय. "आयती सोय झाली," म्हणाल्या. मनगट बरं आहे, आठ दिवसांचे किती झाले, पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं, वगैरे.

"पण परवाना सोमवारीच मिळेल!" मी म्हणालो. जरा मोठ्यानेच.

"मिळेल की. तुम्ही पाळा मग चार दुसऱ्या."

ही जेवली नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पेटी करायला घेतली. सुतारांची दुकानं बंद नव्हती. मला वाटलं, आपल्या हाताने करावी, सासूबाईंना बरं वाटेल. अंगठा सुजलाय. झाकण उघडतं, पण बंद होत नाही. नंतर बंद झालं, ते आता उघडत नाही. मोठ्या साहेबांनी — कोंबडीने — एक फेरी मारून पाहणी केली आणि निघून गेली.

सासूबाई पायरीवरून बघत होत्या. "हे काय आहे?"

"पेटी."

"बरं," म्हणाल्या.

रविवार, २३ फेब्रुवारी

पेटीवर अध्यक्षबाई उभ्या राहिल्या आणि पेटी बसली.

तांबडी खुडूक झालीय, उबवायला जागा शोधत घरभर हिंडतेय. माझ्या चपलेत बसली, उशीवर बसली. मी तिला उचलून बाहेर सोडत होतो. आता मला कोंबडी उचलता येते. पंख दाबून, हलकेच, चोच लांब ठेवून. सासूबाईंनी शिकवलं. उद्यापासून या विद्येचं काय करायचं?

लिहूनच टाकतो, इथे कोण वाचतंय. मला त्यांनी जायला नको आहे. हिच्यासाठी नाही, डॉक्टरांसाठी नाही. सकाळी पायरीवर कुणीतरी माझी टिंगल करायला हवं आहे मला. हे त्यांना तोंडावर सांगायचं म्हणून संध्याकाळी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. आणि काय बोललो? "कलम अकराची पूर्तता झाली नाही, आई."

धन्य माझी!

त्यांनी माझ्या सुजलेल्या अंगठ्याकडे बघितलं. बराच वेळ. "हळद लावा," म्हणाल्या.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी दाराशी बॅग नाही. न सांगताच गेल्या! तसाच अनवाणी परसात धावलो.

खुराड्यात दोन विटांवर निळी बॅग. आत गवत. झाकण अर्धं वर, काठी लावून. आणि तांबडी आत अशी बसलेली, जणू ती तिच्याच नावावर आहे.

"स्वतंत्र आहे, झाकणही आहे," सासूबाई म्हणाल्या. "बसतं का तुमच्या कलमात?"

मी जोरजोरात मान डोलावली. तेवढ्यात बाहेर पुतण्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. त्या दाणे टाकत राहिल्या, मोकळ्या हाताने.

"जा, सांगा त्याला. निघायला माझ्याकडे बॅग नाही."