गप्प बसल्याची भाकरी

सोम., ६ जाने.

लिहा. संतोष आजही झोपला नाही.

रात्रभर कंपनीतल्या पोरापोरींना बसमधून न्यायचं-आणायचं, सकाळी घरी, आंघोळ, दोन घास. अंथरुणाला पाठ टेकली की शेजारी सुरू. बापटबाईंची दोन कुत्री. ऑस्कर आणि कुकी. घंटागाडी आली, भुंक. कुरिअरवाला आला, भुंक. कावळा बसला, भुंक. कोणीच आलं नाही तर एकमेकांवर भुंक. संतोषची खिडकी आणि त्यांचं अंगण, मध्ये नुसती भिंत.

परवा पहाटे गाडी दुभाजकाला घासली. आत कोणी नव्हतं म्हणून बरं. मालक म्हणाला, पुन्हा डुलकी लागली तर चावी ठेवून घरी जायचं. पोराला नोकरीची काळजी. मला नोकरीची नाही. चालवताना डोळा लागला हे ऐकल्यापासून सकाळी फाटक वाजेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.

मी सांगते, हे लिहितात. मला अक्षर येत नाही, यांना विषय सुचत नाही. बियाणंवाल्यानं दिलेली डायरी दरवर्षी कोरीच रद्दीत जायची. मी ‘हाय’ म्हणते, हे ‘आहे’ लिहितात. सातवी झाल्याचं कुठेतरी दिसलं पाहिजे.

मंगळ., ७ जाने.

संध्या. दोघं बापटबाईंकडे. बाई एकट्या राहतात. पेठेतला फ्लॅट विकून इकडे बंगला बांधला, आणि वर्षाच्या आत साहेब गेले.

मी म्हटलं, “बाई, पोरगं रात्रपाळी करतं. दुपारपर्यंत कुत्री आत घेतली तर...”

“आत घेतली तर अंगणात कोण बसणार? मी?”

हे छताकडे बघायला लागले.

“अहो, कुत्री भुंकतात म्हणजे आपलं काम करतात. तुमचा मुलगा दिवसा झोपतो, त्याला मी कधी काही म्हटलंय का?”

पाणी विचारलं. दिलं अर्धा पेला. घर बदललं, पेला पेठेतलाच.

घरी आलो तर सून, रूपाली, मशीनवर ब्लाउज शिवत होती. सगळं ऐकलं. मान वर न करता म्हणाली, “मी बघते.” हिचं ‘मी बघते’ मला माहीत आहे. मागे मिक्सर बंद पडला तेव्हाही म्हणाली होती. त्याचे तुकडे माझ्या परातीत पसरून ठेवले होते, भाकरी ताटात थापली मी. पण सुरू झाला मिक्सर. अजून चालतो.

गुरु., ९ जाने.

रूपालीनं विचारलं, “आत्या, तुम्ही ज्वारीवरची पाखरं कशी हाकलायचा?” सांगितलं, शेतातल्या माळ्यावर उभं राहून पत्र्याचा डबा बडवायचा.

झालं. संतोषच्या बसच्या गॅरेजमधून जुन्या वायपरची मोटर. माळ्यावरच्या मोडक्या खेळण्यातल्या गाडीचा रिमोट. उरलेलं बुधवार पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानातून. तिथला दुकानदार म्हणे, “ताई, मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावतो.” ही म्हणाली, “ते झोपायचा प्रयत्न करतायत. मला समजावा, मी त्यांना समजावते.”

वायपरच्या दांड्याला माझी आमटीची पळी बांधली, समोर तेलाचा रिकामा डबा. इकडून बटण दाबलं की तिकडे पळी डब्यावर. स्क्रू ओठात धरते, टाचण्या धरते तशीच. हे म्हणाले, असली सून मिळायला भाग्य लागतं. ते लिहू नका. वाचेल ती.

शुक्र., १० जाने.

घंटागाडी आली. कुत्री भुंकली. बटण दाबलं. डबा वाजला. कुत्र्यांना वाटलं तिसरं कुत्रं आलं, ते आपल्यापेक्षा मोठं. दुप्पट भुंकली. संतोष चादरीसकट बाहेर.

“कोण मेलं?”

कोणी नाही रे. यंत्र आहे तुझ्या झोपेसाठी.

रूपालीला म्हटलं, “पाखरं उडून जातात गं. कुत्र्यांना पंख कुठायत?”

“हे आधी का नाही सांगितलं?”

“आधी सुचलं नाही.”

तिनं पळी सोडली, घासली, आमटीत घातली. रागावली नाही. मी असते तर पळीसकट मोटर बापटबाईंच्या अंगणात गेली असती.

सोम., १३ जाने. भोगी

तीळ लावून बाजरीच्या भाकरी. शेवटच्या उरल्या पिठाची चानकी, ती कुत्र्याची. आता दारात कुत्रं नाही, गोठाही नाही, तिथे संतोषची खोली आहे. पण हात थांबत नाही. पीठ उरतंच, चानकी होतेच.

आज ती भिंतीवरून टाकली. दोन तुकडे, दोघांना. शेजारी एकदम शांत. खिडकीतून रूपाली, “आत्या, परत टाका.”

“संपली.”

“घास तोंडात असला की भुंकता येत नाही.”

“हे तुला सासऱ्याकडे बघून कळलं का?”

यांनी हे वाक्य लिहायला खळखळ केली. लिहा म्हटलं. रूपाली मात्र तेवढ्यात स्वयंपाकघरात जाऊन माझा मिसळणाचा डबा रिकामा करत होती. हळद एका कागदावर, मोहरी एका कागदावर.

बुध., १५ जाने.

डब्यातल्या वाट्यांची बुडं कापली. डब्याच्या तळाला एका बाजूला भोक पाडलं. मधून वायपरच्या मोटरचा दांडा, त्यावर वाट्यांचं कडं. बटण दाबलं की कडं एक वाटी पुढे सरकतं, वाटीतला तुकडा भोकातून पाइपमध्ये, पाइप भिंतीवरून त्यांच्या अंगणात. टुपकन. आवाज एवढाच. मोटर चार्जरवर चालते, वायर संतोषच्या खिडकीतून.

सगळं नुसत्या नजरेनं. एकदाही टेप लावली नाही. बायांच्या पाठी मापून मापून डोळा बसलाय म्हणते. हिच्या पोळीचा नकाशा होतो, कुठल्या जिल्ह्याचा ते यांना ओळखता येतं. पण डब्याचं भोक बघितलं मी बोट फिरवून. चंद्र.

रिमोट माझ्याकडे. बटण लाल. वाचायला काही नाही, बरं आहे.

शुक्र., १७ जाने.

दोन दिवस झकास गेले. भुंकली की दाबायचं, टुपकन, गप्प. संतोष जरा तरी झोपला. मी ओसरीवर रिमोट घेऊन बसायची, तहसीलदारासारखी.

आज काही कळेना. रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि ऑस्कर पाइपखाली उभा राहून भुंकतोय. तुकडा दिला. खाल्ला, परत भुंकला. मग कुकी. डबा रिकामा झाला, भुंकणं नाही संपलं. संतोष उशी डोक्यावर घेऊन न्हाणीघरात जाऊन बसला. डोळे लाल. 

रूपालीनं शिवण घेतलं आणि भिंतीजवळ बसून राहिली. दुपारी आत आली.

“आत्या, आपण त्यांना भुंकण्याची मजुरी देतोय.”

खरंच की. दारात येऊन कोणी ओरडलं की भाकरी घालायची, हेच आम्ही जन्मभर केलं. ओरडणारा मोठ्यानं ओरडला तर लवकर घालायची. कुत्र्यांनी आमची रीत ओळखली, आम्हीच विसरलो.

शनि., १८ जाने.

आता उलटं. भुंकली तर बटणाला हात नाही. आपण होऊन गप्प झाली की लगेच दाबायचं.

सांगायला सोपं. भुंकताना हात नुसता शिवशिवतो. दोनदा माझं बोट गेलंच. रूपालीनं रिमोट काढून घेतला नाही. माझ्याशेजारी बसली, माझ्या हातावर हात ठेवला, आणि दोघी गप्प. कुकी दमली. श्वास घ्यायला थांबली. “आता.” टुपकन.

गप्प बसल्याची भाकरी म्हणे. माझ्या सासूला हे सुचलं असतं तर मी आज कितीतरी लठ्ठ असते.

मंगळ., २१ जाने.

कुरिअरवाला आला. ऑस्कर उठला, तोंड उघडलं, पाइपकडे बघितलं, मिटलं. मी दाबलं.

संतोष जेवायच्या वेळेपर्यंत झोपला. घोरत होता. मी दाराशी उभी राहून ऐकलं. घोरण्यासाठी याच्या बापाला बोलणारी मी, पोराचं ऐकत उभी.

रूपालीला काही म्हटलं नाही. दुधावरची साय तिच्या वाटीत घातली. तिनं बघितलं आणि मुकाट खाल्ली. तिलाही कळतं, कधी गप्प बसायचं.

गुरु., २३ जाने.

बापटबाई आल्या. हातात भाकरीचा तुकडा, दोन बोटांत धरलेला.

“हे आमच्या अंगणात उगवतं. ऑस्कर त्याच्या खाण्याला तोंड लावत नाही. आपल्याकडून काही खुलासा?”

मी यांच्याकडे बघितलं. हे परत छताकडे. रूपाली पुढे झाली. भिंतीजवळ नेऊन सगळं दाखवलं. डबा, पाइप, रिमोट. “आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. चुकलं माझं.”

बाईंनी डब्यात वाकून बघितलं. म्हणाल्या, “हुशारी आहे. पण ती स्वतःच्या कुत्र्यांवर करावी.”

“ती भुंकायची कमी झाली, बाई.”

“तेच तर. भुंकली नाहीत तर मला कळणार कसं, फाटकापाशी कोण आलंय? हे गेल्यापासून मी त्या भुंकण्याच्या भरवशावर राहते. काढा ते.”

रूपालीनं त्यांच्यासमोरच डबा उतरवला. एक शब्द उलटा नाही. मी तर शब्द मोजून तयार ठेवले होते, तसेच राहिले.

बाई गेल्यावर मनात आलं, ज्या आवाजानं माझ्या पोराची झोप जाते, त्याच आवाजावर ती बाई निर्धास्त असते. आता भांडू कुणाशी?

शनि., २५ जाने.

भुंकणं पहिल्यासारखं. संतोष तसाच कामावर गेला. निघताना डोळ्यांवर पाणी मारलं, मी तोंड फिरवलं. हे म्हणाले, देवाचं नाव घे. घेतलं. देवाला बस चालवता येत नाही.

रूपाली मशीनवर नाही. न्हाणीच्या दारात बसून वायरी सोलतेय. काय करतेस? “बघते.”

रवि., २६ जाने.

एक छोटी डबी, तिला बटण. ती बापटबाईंच्या उशाशी ठेवायची. घंटा आमच्याकडे, माझ्या खाटेच्या वर. संतोषच्या खोलीपासून लांब. वायर नाही, काही नाही. रिमोटचंच उलटं केलंय म्हणे.

मी बरोबर गेले. रूपाली म्हणाली, “कुत्री भुंकली तर रस्त्याला कळतं. हे दाबलं तर आम्हाला कळेल. मी येईन. मी नसले तर आत्या येतील.”

बाई मला वरून खालपर्यंत बघत म्हणाल्या, “या येऊन काय करणार?”

मी म्हटलं, “भुंकेन.”

तोंडाचा कोपरा हलला बाईंचा. हसणं म्हणायचं तर म्हणा.

मग डबा परत लावायच्या बाईंच्या अटी. भाकरीत मीठ नको. तुकडा नखाएवढा. अर्ध्या वाट्यांत त्यांचं दुकानातलं खाणं. आणि, “गुरुवारपर्यंत बघते. माझी कुत्री बिघडली तर सगळं खाली.”

“आणि मी उगाच घंटा वाजवली तर?” बाईंनीच विचारलं.

“उगाच येईन,” रूपाली म्हणाली.

हे सगळं हिला कुणी शिकवलं? मी नाही. मी तर तिला आल्या दिवशी चूल कशी पेटवायची ते शिकवायला गेले होते, आणि गॅस होता.

मंगळ., २८ जाने.

दुपारी घंटा. रूपाली पायात चप्पल न घालता पळाली. मी मागून, माझ्या चालीनं. बाई खुर्चीत बसलेल्या.

“चालतं का बघत होते.”

संध्या. परत घंटा. परत पळापळ. बाई म्हणाल्या, “कुकी आपण होऊन गप्प बसली. इस्त्रीवाला येऊन गेला, शब्द नाही. सांगावं म्हटलं.”

रूपालीला धाप लागलेली, तरी म्हणाली, “शाबास कुकी.” बाईंनी या वेळी पेला भरून पाणी दिलं.

संतोष आज बरा झोपला. संध्याकाळी स्वतः चहा केला, सगळ्यांचा. रूपालीला विचारलं, “मला एखादं बटण करशील? दाबलं की बस आपण होऊन जाईल.” ती म्हणाली, “तू आधी झोप.”

गुरु., ३० जाने.

हळू बोलतेय. हेही हळूच लिहितायत.

गुरुवार, म्हणजे वीज नाही. दुरुस्तीसाठी सकाळपासून गेलीय. मोटर बंद. रूपाली म्हणते, बॅटरी लावायला पाहिजे होती, डोक्यातच आलं नाही. मला जरा बरं वाटलं. हिच्या डोक्यात न येणारं पण काही असतं.

संतोष आत झोपलाय. आज रात्री लांबची फेरी आहे, घाट आहे.

बापटबाई खुर्ची आणि घंटेची डबी घेऊन त्यांच्या ओसरीवर. आज ठरवणार आहेत. दोन्ही कुत्री पायाशी.

आत्ता एक पोरगा आला. पाठीवर मोठी चौकोनी पिशवी, पत्ता शोधतोय. त्यांच्या फाटकाची कडी हलवली. कुत्री उठली. मी सवयीनं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही.

रूपाली भिंतीपाशी उभी आहे. हातात चानकीचा तुकडा, पण टाकत नाही. अजून गप्प कुठे झालीत, उभीच आहेत नुसती. ऑस्करचा घसा गुरगुरतोय. पाइपकडे बघतोय. पाइपातून काही येत नाही, मग रूपालीकडे बघतोय.

बापटबाई पुढे वाकल्यात. हात डबीवर आहे का कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर, मला इथून दिसत नाही. पोरगा पुन्हा कडी हलवतोय. रूपालीनं त्याला बोटानं खुणावलं, थांब.

आत घोरणं चालू आहे.

अहो, पेन खाली ठेवा. कुरकुरतंय.