बदकाच्या पोटातला मी

३ जानेवारी १९८२
कॉलेज सोडल्याचं दुःख नाही. सरांनी भर वर्गात अपमान केला, मी पुस्तक फेकलं, विषय संपला. आता लाखनीत, यादोमामाच्या फोटो स्टुडिओत. संकल्प: नागपूरच्या फोटो स्पर्धेत पहिला नंबर. विषय: समोरच्या घरातल्या शकुनच्या शोकेसमधली चिनी मातीची खेळणी. म्हणजे शकुनलाही कळेल मी कोण ते.

५ जानेवारी
तिने एकच दिलं, बदक. हे परत केलं की दुसरं, म्हणाली. मी पुन्हा पुन्हा यावं म्हणूनच. तिची आई कुंताबाई मागून फोडशील म्हणून ओरडत होती. दुर्लक्ष.

९ जानेवारी
फ्लॅशने बदकाच्या डोक्यावर पांढरा डाग. मामा हसला. मामाशी बोलणं कायमचं बंद.

१० जानेवारी
बोललो. रोल त्याच्याच कपाटात असतात.

१७ जानेवारी
खिडकीला मामाचं धोतर बांधलं, मागे छत्रीचं काळं कापड. डाग गेला. पण बदकाच्या चकचकीत पोटात कॅमेरा धरून मीच उभा! मामा म्हणाला, "बदकाचा फोटो काढून राहिला का सोताचा?"

२४ जानेवारी
बदकाला पावडर चोपडली. पुठ्ठ्याला भोक पाडून कॅमेऱ्यासकट मागे लपलो. जमलं! फोटोत मी अजिबात नाही. शकुन बराच वेळ पाहत होती. म्हणाली, "जितं वाटते." बदक परत दिलं नाही. सुधारणा बाकी आहे, असं सांगितलं.

७ फेब्रुवारी
तिच्या वडिलांनी बोलावलं. शकुनचा फोटो हवा, बदकासारखाच. कशाला ते विचारलं नाही. तेच धोतर, तीच छत्री, तोच पुठ्ठा. हलू नको म्हणालो. ती भोकाकडे, म्हणजे माझ्याकडेच, एकटक. ठरलं. होळी झाली की मामाला मागणी घालायला पाठवणार.

२६ फेब्रुवारी
तुमसरच्या राइस मिलवाल्यांनी फोटोवरूनच पसंती कळवली. कुंताबाईंनी पेढा दिला. "तुह्या फोटोनंच जमलं रे बापू." निगेटिव्ह जाळणार.

२७ फेब्रुवारी
त्यांना आणखी कॉप्या हव्यात. काढल्या. शेवटची जास्त चांगली आली.

२ मार्च
कुंताबाई बदक न्यायला आल्या. शोकेस आंदणात जाणार. पावडर पुसून दिलं.
एक कॉपी ठेवून घेतली आहे. मामाचं भिंग घेऊन शकुनचे डोळे पाहिले. दोन्हीत खिडकी आहे, धोतर आहे, धोतराची गाठसुद्धा आहे. मी कुठेच नाही.
मामा म्हणतो, फोटोत एकही दोष नाही.