बोंब-चाचणी

गुरुवार, ११ मार्च

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल, तर आधी घोटभर पाणी पी. बाबा आहेत, मीही आहे, कोणाचं काही बरंवाईट झालेलं नाही.

तुझी बायको कशी आहे? थोरलीची परीक्षा संपली का? धाकट्याच्या दातांना तार बसवलीस की अजून 'बघू'च चाललंय? दातांच्या डॉक्टरचं पोर आणि दात असे वेडेवाकडे, लोक काय म्हणतील तुझ्या दवाखान्याला! इकडे उकाडा सुरू झालाय. आमच्या गल्लीत रस्ता खणून ठेवलाय आणि खणणारे गायब आहेत. बाकी नेहमीचंच.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू विचारतोस, "काय ताई, सगळं ठीक?" आणि तुझा प्रश्न संपायच्या आत माझ्या तोंडून "ठीक" बाहेर पडतं. शिवाय तेव्हा बाबा शेजारीच असतात आणि मला बोलायचंय ते त्यांच्याचबद्दल. पण ते लिहायला हात उचलत नाहीये, म्हणून आधी ऑफिसचं सांगते. कंटाळा आला तरी वाच, गाळू नकोस.

मी रुग्णालयात नेमकं काय करते हे तुला आजवर कळलेलं नाही. लोकांना तू सांगतोस, "ताई कॉम्प्युटरमध्ये असते," जणू मी आत मांडी घालून बसलेय. तर ऐक. तळघरात आमची एक थंडगार खोली आहे, तिच्यात मोठाले सर्व्हर. त्या प्रत्येक सर्व्हरच्या पोटात पुन्हा बरेच कॉम्प्युटर असतात, पण खरे नव्हेत, मानलेले. केसपेपरचा एक, रक्ततपासणीचा एक, पगाराचा एक. आपण एकटेच राहतोय असं प्रत्येकाला वाटतं, आणि असतात सगळे पोटभाडेकरू. कोणाला किती जागा द्यायची, कोणाला कुठून कुठे हलवायचं, कोण आजारी आहे, हे सगळं बघणारं एक सॉफ्टवेअर असतं. ते सॉफ्टवेअर मी बघते. सकाळी स्क्रीन उघडली की या सगळ्यांच्या नावापुढे हिरवे ठिपके दिसले पाहिजेत. नाही दिसले, तर माझा चहा गार होतो.

आता या सॉफ्टवेअरवाल्यांनी दर इतके वाढवले की साहेबांना घाम फुटला. दुसरं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, आणि एकूण एक भाडेकरू उचलून नव्या घरी न्यायचं काम माझ्या आणि एका मिशीवाल्या सहकाऱ्याच्या गळ्यात पडलं. काहीच टाकून न देणाऱ्या माणसाचं घर आवरतानासुद्धा एवढी अडगळ निघत नसेल! काही मशीन कोणाची, कशासाठी, कोणालाच ठाऊक नाही. उभी करणारा माणूस नोकरी सोडून गेला, मशीन मागे राहिलं.

अशा बेवारस मशीनसाठी आमच्या धंद्यात एक रीत आहे. आधी सगळ्या विभागांना विचारायचं, हे कोणाचं? उत्तर आलं नाही की ते बंद करून ठेवायचं आणि कोणी बोंब मारतं का याची वाट बघायची. कोणी बोंब मारली तर चालू करायचं आणि माफी मागायची. महिनाभरात कोणीच ओरडलं नाही, तर कोणाला त्याची गरज नाही असं धरायचं आणि पुसून टाकायचं. मिशीवाल्यानं तिला बोंब-चाचणी असं नाव ठेवलंय. हसू नकोस, जगभर असंच करतात.

त्यात एक होतं 'तात्पुरतं-दोन' नावाचं. नाव तात्पुरतं आणि चालू होतं कित्येक वर्षं. (बाबाही माझ्याकडे तात्पुरतेच आले होते, तुझे शब्द.) मी ते बंद केलं. महिना गेला, चिटपाखरूही फिरकलं नाही. मग पुसून टाकलं. एक कमी झालं म्हणून मला तर हायसं वाटलं.

गेल्या सोमवारी लिफ्टपाशी उभी होते, तर जिन्यावरून लॉन्ड्रीवाले काका उतरत होते. त्यांचा विभाग आमच्याच तळघरात, पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला. रोजची 'काय मॅडम, काय काका' एवढीच ओळख. दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेक पायरी, तिरके होऊन उतरत होते.

मी म्हटलं, "काका, जिन्यानं कशाला? लिफ्ट आहे की."

"लिफ्टला पेशंटची गर्दी असते, मॅडम. आणि सगळेच मजले करायचे म्हटल्यावर कुठं थांबत बसू?"

"सगळे मजले?"

"आता वर जाऊन विचारावं लागतं ना, कुठल्या वॉर्डाला किती चादरी. पूर्वी आमच्या खोलीत स्क्रीनवर यायचं. वरच्या सिस्टर आकडा टाकायच्या, मला खाली दिसायचा. ते बंद पडलंय."

टिल्लू, मला तिथल्या तिथे कळलं. हेच ते 'तात्पुरतं-दोन'. तरी विचारलं, "कधीपासून?"

"झाला की महिन्याच्या वर."

"अहो, मग सांगायचं नाही का? आमची खोली चार पावलांवर!"

काका ओशाळले. चूक माझी आणि ओशाळले ते. म्हणाले, "आलो होतो ना. दोनदा आलो. दारातून पाहिलं तर तुम्ही डोकं धरून बसला होतात. म्हटलं, बाई आधीच मेटाकुटीला आलीये, तिला आणखी कुठं आपलं गाऱ्हाणं सांगा. तसं काही अडलं नाही, मॅडम. चादरी कुठं कमी पडू दिल्या नाहीत."

कमी पडू दिल्या नाहीत, म्हणूनच कोणी ओरडलं नाही. सिस्टर ओरडल्या नाहीत, कारण काका दारात येऊन विचारत होते. डॉक्टर ओरडले नाहीत, कारण खाटेवर चादर होती. वरच्यांना वाटलं छान चाललंय. मी पाठवलेली विचारणा लॉन्ड्रीत पोचलीच नव्हती, त्यांना ईमेलच नाही. आणि छान चाललं होतं ते त्या माणसाच्या गुडघ्यांवर.

जुना बॅकअप शिल्लक होता म्हणून निभावलं. त्याच दुपारी मशीन परत उभं केलं. लॉन्ड्रीत जाऊन स्क्रीन चालू झालेली पाहिली. काका "बरं झालं" म्हणाले आणि मला बसायला स्टूल पुढे केलं. मी बसले, आणि इस्त्रीच्या वाफेत, घडी घातलेल्या चादरींच्या ढिगाशेजारी मला रडू आलं. बघायला दुसरं कोणी नव्हतं. काकांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "कमाल आहे! ओरडायला काय झालं होतं त्यांना?"

माझं डोकंच सणकलं. इतक्या वर्षांत साहेबांना उलट बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. म्हटलं, "ज्याच्यावर पडतं तो निभावत असतो, त्याला ओरडायला सवड कुठली?" घरी जाताना रस्ताभर वाटत होतं, हे आपण साहेबांना नाही बोललो. तुला बोललो.

तेव्हा आता बाबांचं.

बाबा मागच्या महिन्यात न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून वॉकरशिवाय पाऊल टाकत नाहीत. आंघोळ मी घालते. दिवसा सांभाळायला येणाऱ्या बाईला ते हात लावू देत नाहीत, लाजतात. मी ऑफिसातून आल्याशिवाय धड जेवत नाहीत. कधीकधी मला आईच्या नावानं हाक मारतात आणि मग स्वतःच गोंधळतात. तुला यातलं काही माहीत नाही, कारण मी कळू दिलं नाही.

रविवारी तुझा व्हिडिओ कॉल यायच्या आधी मी काय करते, सांगू? त्यांची दाढी करते, धुतलेला सदरा घालते, केस विंचरते. पाठीशी दोन उशा लावते म्हणजे ताठ दिसतील. वॉकर चौकटीत येऊ नये म्हणून कपाटाआड सरकवते. फोन आला की बाबाही काय आवाज लावतात! "मस्त आहे रे, तू कसा आहेस?" तू म्हणतोस, "वा, बाबा तर टवटवीत दिसतायत, ताईच्या राज्यात मजा आहे." फोन ठेवला की त्या उशांवरून ते एका बाजूला कलतात आणि संध्याकाळपर्यंत बोलत नाहीत. दोघांचंही अवसान संपलेलं असतं.

मला यात काय मोठेपणा वाटत होता, कोण जाणे. तुझा संसार, तुझा दवाखाना, तुझे हप्ते. मी एकटी, म्हणजे मोकळी, असं सगळे म्हणतात आणि मीही म्हणत आले. मी मोकळी नाहीये रे. मी खूप दमलेय. इतकी की पॅसेजमधल्या माणसाला दारातून दिसतं. तुला फोनमधून दिसलं नाही याचा मला राग आलाय, आणि तुला दिसू नये याची खटपट मीच करत होते, त्यामुळे तो राग धड तुझ्यावर काढताही येत नाही.

काल संध्याकाळी बाबांना भरवताना विचारलं, "टिल्लूकडे राहायला जाल का काही दिवस?"

"छे, त्याला कशाला त्रास? त्याचा केवढा व्याप."

"आणि मला होत नाही त्रास?"

त्यांनी घास तोंडातच ठेवला. म्हणाले, "तू कधी बोलली नाहीस."

टोमणा नव्हता. खरंच नवल वाटलं होतं त्यांना. मग अगदी हळू विचारलं, "होतो का गं?"

मी "हो" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांना असं उत्तर दिलं. मला वाटलं, आता त्यांचं मन मोडणार. त्यांनी घास गिळला, पाणी मागितलं, आणि म्हणाले, "मग त्याला पत्र लिही. फोनवर तो मला विचारणार आणि मी मस्त म्हणून बसणार."

म्हणून हे पत्र. ते आत झोपलेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय.

बाबांना एप्रिलमध्ये तुझ्याकडे घेऊन जा. पाहुणे म्हणून नव्हे, राहायला. निदान वर्ष संपेपर्यंत. दवाखान्यामागच्या खोलीतली ती पेशंटची जुनी मोडकी खुर्ची बाहेर काढ, तिथे पलंग मावेल आणि पायऱ्याही नाहीत. बायकोशी बोल. तिला हे पत्र दाखवलंस तरी चालेल, तिच्यापासून लपवण्यासारखं यात काही नाही. त्यांना तिकडे करमणार नाही, असं मागच्या वेळी म्हणाला होतास. नसेल करमत. इथेही करमत नाही त्यांना, टिल्लू. आई गेल्यापासून कुठेच करमत नाही. त्याला तुझा इलाज नाही आणि माझाही. पण आंघोळ घालायला दोन हात लागतात, आणि माझे आता उचलत नाहीत.

त्यांना सोडायला मी येणार नाही. न्यायला तू ये. एक दिवस इथे राहा, त्यांची आंघोळ, औषधं, जेवण, सगळं स्वतः कर, मग घेऊन जा. शिकवायला मी शेजारी उभी राहीन.

या रविवारी फोन करशील तेव्हा मी त्यांचे केस विंचरणार नाही आणि वॉकर जिथे असतो तिथेच असेल. जे दिसेल ते बघ. मग मला फक्त तारीख सांग.

तुझी,
आता खरंच दमलेली,
ताई