हैं आणि थीं

नेहरू नगर, भोपाळ
५ ऑगस्ट २०२४

ती. प्रमिलाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. वर्गातल्या कलकलाटानं कान गेले म्हणतेस; माझे आत्ताच दुखताहेत. डी.एल.एड.च्या सराव-पाठांसाठी मला इथल्या सरकारी शाळेतली दुसरी मिळाली आहे. मुलं मला दीदी म्हणतात. हिंदीच्या तासाला माझ्या तोंडून मराठी शब्द गेला की हसून लोटपोट होतात.

रेवती तेवढी हसत नाही. तिची आई गेल्या महिन्यात काविळीनं गेली. वडील मंडीदीपला कारखान्यात असतात. शेजारच्या काकू तिला शाळेत सोडतात. पंधरा ऑगस्टनंतर आमच्या कॉलेजचे शैलेंद्र सर माझा पाठ बघून गुण द्यायला येणार आहेत आणि नेमका पाठ आलाय ‘मेरा परिवार’. मुलांनी घरच्यांचं चित्र काढून त्यावर बोलायचं. त्या तासाला रेवतीला काही निमित्त काढून दुसऱ्या वर्गात बसवावं, असं मनात आहे. तू काय केलं असतंस?

बाबांचा नमस्कार. तुझा हात पाठीवर असू दे.

तुझी,
केतकी

नागपूर
११ ऑगस्ट २०२४

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून मुंग्या चालल्यासारखंच आहे. फळ्यावर तरी मोठं काढत जा.

रेवतीला बाहेर पाठवू नकोस. आई गेली आणि वर वर्गातूनही उठवलं, असं होईल. लपवण्यासारखं तिच्यापासून काही उरलेलं नाही. आदल्या दिवशी तिला एकटीला जवळ घेऊन विचार. नको म्हणाली तर गप्प बसू दे, पण ठरवू दे तिचं तिला. गुणांचं नंतर बघू.

जेवणाची हयगय करू नकोस. तुझ्या बाबांना आशीर्वाद. माया आहेच.

तुझी,
आत्या

नेहरू नगर, भोपाळ
२३ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. रेवतीला विचारलं तर चित्र काढीन, एवढंच म्हणाली. पाठाच्या दिवशी मात्र आपणहून उभी राहिली. चित्रातल्या हिरव्या साडीवर बोट ठेवून म्हणाली, ये मेरी मम्मी हैं. शेजारच्या मालतीनं लगेच सुधारलं, हैं नहीं, थीं बोल. तिच्या मनात वाईट काही नव्हतं गं. ‘है’ आणि ‘था’ मीच त्या आठवड्यात शिकवलं होतं.

मागे बसलेल्या सरांचं पेन थांबलं. चूक की बरोबर, ते ऐकायला रेवती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, रेवतीचं वाक्य बरोबर आहे. मग ती खाली बसली.

सरांनी शेरा दिला, व्याकरणाची चूक दुरुस्त केली नाही. गुण कापले. घरी येऊन बाबांसमोर रडले, पण गुणांसाठी नाही. आपण बरोबर बोललो की एवढ्याशा मुलीला खोटं सांगितलं, तेच कळेना.

काल मधल्या सुट्टीत सगळी मुलं जेवायला गेल्यावर रेवती माझ्यापाशी आली. हळूच म्हणाली, दीदी, थीं कैसे लिखते हैं. मी तिचा हात धरून फळ्यावर लिहिलं. मग तिनं एकटीनं लिहिलं. अनुस्वार राहिला होता, तो टाचा उंचावून मागाहून दिला.

आज याहून अधिक लिहवत नाही. सांभाळून घेत आलीस, तशीच घे.

तुझी,
केतकी