सुमेधाचे गुरुवार

॥ श्री ॥
नेपरव्हिल, १६ सप्टेंबर २००६

चि. सौ. रेखा हिस अनेक आशीर्वाद.

फोन स्वयंपाकघरात आहे आणि कोण कुठे उभं असेल सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. मला येऊन महिना झाला. संजीव सकाळच्या ट्रेनने शिकागोला जातो. अनिका चौथीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच. घर छान, शेजार शांत. माझं मन लागत नाही ते सुमेधामुळे.

सूनबाई कायम दमलेली असते. दिसायला म्हणशील तर टवटवीत, गाल नुसते लाल. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करते, पण बाकीच्या दिवशी ऑफिसातून आली की गॅरेजमध्ये गाडी बंद करून अर्धा अर्धा तास आतच बसते. अंघोळीनंतर दार लावून घेते आणि आतून खाजवल्याचा आवाज येतो. पहाटे पाचला लॅपटॉपवर कुणाला तरी लिहीत बसलेली असते. दमते म्हणाली म्हणून मी नागपूरहून आणलेल्या लोहाच्या गोळ्या दिल्या, तर अख्खी बाटली कचऱ्याच्या डब्यात सापडली. आणि ऐक, तीन आठवड्यांच्या अंतराने दोन गुरुवारी तिच्या कोपराच्या आत कापूस चिकटवलेला होता. म्हणाली, ऑफिसात रक्तदान होतं. इतक्या लवकर दोनदा कोण घेतं गं रक्त?

संजीवला विचारलं, तर कामाचं प्रेशर म्हणाला आणि पेपर तोंडासमोर धरला. अनिकाला विचारलं, तर मॉम रीचार्ज होतेय म्हणे. पोरीलाही पढवून ठेवलंय. या घरात माझ्यापासून काहीतरी लपवतात, एवढं नक्की.

तुझी तब्येत जप. उत्तर पाठव, त्यावर माझा आठवडा जातो.
तुझी ताई, शरयू

॥ श्री ॥
अर्विंग, २२ सप्टेंबर २००६

ती. शरयूताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीस वर्षं शाळेत मुलांच्या वह्या तपासल्यास, आता सुनेला तपासायला घेतलंस. माझी राधिका तर म्हणते, मावशी रिटायर झालीच नाही.

थट्टा सोड. कापसाचं मलाही खटकलं. इथे आमच्या कॉम्प्लेक्समध्ये एक जण नोकरी गेल्यावर तीन महिने रोज डबा घेऊन बाहेर पडत होता, बायकोला पत्ता नाही. सुमेधाची नोकरी तरी आहे ना, ते बघ. घरून काम करते म्हणतेस, तर तिच्या ऑफिसला फोन करून सहज विचार. तुझं इंग्रजी माझ्यासारखं थोडंच अडखळतं?

तुझ्या आशीर्वादाची हक्कदार,
रेखा

॥ श्री ॥
नेपरव्हिल, २९ सप्टेंबर २००६

चि. सौ. रेखा हिस अनेक आशीर्वाद.

फोन केला. न करते तर बरं झालं असतं.

मंगळवारी दुपारी बाराला सुमेधा काम आहे म्हणून वर गेली. दोन वाजता मी चहा घेऊन गेले, तर पडदे ओढलेले, लॅपटॉप मिटलेला आणि ही गाढ झोपलेली. हाक मारली तरी हलली नाही. माझं डोकं फिरलं. खाली येऊन फ्रिजवरच्या नंबरावर फोन लावला. तिची मॅनेजर बोलली, फार गोड बाई. मी विचारलं की तुमच्याकडे दुपारी काम नसतं का, कारण सुमेधा बारापासून झोपली आहे. मग तिनं माझे आभार मानले. ते आभार मला तेव्हाच आवडले नाहीत.

बुधवारी मॅनेजरने सुमेधाला बोलावून घेतलं. आल्यावर ती जिन्याच्या पायरीवर पर्ससकट बसून राहिली. संजीव मात्र बोलला. "आई, तिची नोकरी गेली तर आपलं ग्रीन कार्ड गेलं. ते तिच्या नोकरीवर आहे." मी म्हटलं, मग नोकरीच्या वेळेत झोपते कशाला? त्यावर त्यानं बायकोकडे पाहिलं, तिनं मानेनंच नको म्हटलं, आणि दोघं खोलीत गेले. माझ्या पोटच्या मुलानं माझ्यासमोर दार लावलं.

चूक माझी असेलही. पण काय लपवतात ते अजून सांगत नाहीत, आणि मी आता विचारणार नाही. तू सुमेधाशी बोलून बघ. तुझं ती ऐकते.
तुझी ताई, शरयू

नेपरव्हिल, ४ ऑक्टोबर २००६

ती. रेखामावशींना सा. न. वि. वि.

काल तुमचा फोन आला तेव्हा आई शेजारीच होत्या, म्हणून हो-नाही एवढंच बोलले. फोन करायचा सल्ला तुमचा होता हे तुम्ही आपण होऊन सांगितलंत. राग आला होता, पण खोटं वागलात असं वाटलं नाही. म्हणून तुम्हाला लिहिते.

मला दीड वर्षापासून पॉलिसायथेमिया नावाचा रक्ताचा आजार आहे. शरीर रक्तातल्या लाल पेशी गरजेपेक्षा जास्त बनवतं आणि रक्त दाट होतं. गुठळी होऊ नये म्हणून दर तिसऱ्या गुरुवारी एक पिशवी रक्त काढून टाकतात. त्यानं लोह कमी होतं आणि थकवा वाढतो. पण लोहाच्या गोळ्या घेतल्या तर पेशी पुन्हा वाढतात, म्हणून त्या मला मना आहेत. आईंची बाटली टाकताना फार वाईट वाटलं. गाल लाल दिसतात तेही यामुळेच. गरम पाण्याची अंघोळ झाली की अंगाला मुंग्या डसल्यासारखं होतं.

थकवा झोपून जात नाही, मावशी. जिना चढले की वर कशाला आले ते आठवत नाही. गाडीतून उतरायला बळ गोळा करावं लागतं. दुपारी अंग चालतच नाही, म्हणून ऑफिसचं काम पहाटे उठून पुरं करते. तास कधी कमी भरले नाहीत, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, नीट सांभाळलं तर माणसं वर्षानुवर्षं जगतात. पण हा रक्ताच्या कॅन्सरांतलाच एक, सावकाश चालणारा. संजीवच्या बाबांना ब्लड कॅन्सरनं नेलं त्याला तीनच वर्षं झाली. आईंसमोर तो शब्द काढायचा नाही, असं संजीवनं मला बजावलं होतं. ऑफिसात मी सोमवारी डॉक्टरांचं पत्र देणार आहे. आईंना कसं सांगायचं, ते मात्र आम्हा दोघांनाही सुचत नाही. तुम्ही सांगाल का?

तुमची,
सुमेधा

॥ श्री ॥
नेपरव्हिल, २९ ऑक्टोबर २००६

चि. सौ. रेखा हिस अनेक आशीर्वाद.

तू फोनवर सांगितलंस त्या दिवशी मी जेवले नाही. आधी भीती, मग संजीवचा राग, आणि शेवटी माझी मलाच लाज वाटली. पोरगी आजारी आणि मी तिच्या पाळतीवर.

नोकरी राहिली. दुपारी दोन तास विश्रांती तिला आता लेखी मिळाली आहे. मात्र तिच्या हाताखालची टीम दुसऱ्याला दिली. हे माझ्या फोनमुळे का, असं मी विचारलं. तिनं नाही म्हटलं नाही.

दिवाळीला इथल्या मराठी मंडळासाठी करंज्या करायचं तिनं कबूल केलं होतं. मी मंडळाच्या कांचनबाईंना फोन करून नाही म्हणून सांगितलं, कारणही खरंच सांगितलं. त्या म्हणाल्या, दिसते तर किती छान. मी म्हटलं, "दिसते हो. आणि आजारी आहे."

परवाच्या गुरुवारी मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. यांच्या वेळी मी बाहेरच बसायचे. या वेळी पिशवी भरेपर्यंत आत बसले.

घरी आल्यावर तिनं मनातलं सांगितलं. "आई, तुम्ही समोर असलात की मला ताठ बसून राहावं लागतं. त्यानंच मी जास्त दमते." मला लागलं, खोटं कशाला सांगू. मग म्हटलं, तर आडवी हो. ती सोफ्यावर आडवी झाली. पाय माझ्याकडे आले म्हणून दचकून उठायला लागली, तर मी तिचे पाय मांडीवर धरून ठेवले. राधिकाच्या नव्या घराचं काहीतरी तिला सांगत होते, तेवढ्यात तिला झोप लागली. मी वाक्य पुरं केलं आणि गप्प बसले. अनिका शाळेतून आली तेव्हा बोट ओठांवर ठेवून तिला खुणावलं.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई, शरयू