उंबऱ्याबाहेरची चिक्की

३१ ऑक्टोबर १९८२, रविवार, सकाळ

या एका सणासाठी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू — शेंगदाण्याची चिक्की, जाडी दोन मिलिमीटर, चारी कोपऱ्यांत सारखी. राजगिऱ्याच्या वड्या. तीळ-खजुराच्या गोळ्या (नीला त्यांना 'रॅबिट पूप' म्हणते, म्हणू दे). चिक्की लाटायचा पोलादी रोलर — दोन्ही टोकांना कॉलर, म्हणजे जाड कडं, त्यामुळे लाटणारा गाढव असला तरी जाडी चुकत नाही. वड्या कापायची चौकट. आणि नीलाची चेटकिणीची टोपी. पुठ्ठ्याची, आत तारेचा सांगाडा. वाऱ्याने झुकणार नाही.

विकत आणलं फक्त सामान. गूळ आणि राजगिरा न्यूयॉर्कहून.

एवढा खटाटोप कशाला? तर आठ वर्षांच्या पोरीच्या तीन दातांत सिमेंट भरलं म्हणून. गेल्या हॅलोविनची कँडी तिने नाताळपर्यंत पुरवून खाल्ली. आमच्याच रस्त्यावरचा डेंटिस्ट म्हणाला, शुगर. मी म्हटलं, ठीक. या घराच्या दारातून यापुढे कुणाच्या पोराचे दात किडणार नाहीत. डेंटिस्ट स्वतः पोरांना टूथब्रश वाटतो, आणि दर वर्षी त्याच्या झाडाला कुणीतरी संडासाचा कागद गुंडाळून जातं. बरोबरच आहे. ब्रश हा खाऊ नव्हे. पोरगं खाऊ मागायला येतं, त्याच्या हातावर खाऊ पडला पाहिजे.

सुलभा म्हणते, "अहो, दुकानातून दोन पिशव्या आणा आणि मोकळे व्हा. यंदा घरचं कोण खाणार?" महिन्यापूर्वी शिकागोकडे कुणी डोकेदुखीच्या गोळ्यांत विष घातलं, तेव्हापासून लोक बिथरलेत. तिच्या हॉस्पिटलात तर आज पोरांच्या पिशव्यांचा फुकट एक्सरे काढणार आहेत, कँडीत सुई-बिई आहे का पाहायला. तिची ड्यूटी संध्याकाळची.

पण माझ्या चिक्कीचा शिकागोशी संबंध काय? मी पिस्कॅटवेत राहतो.

३१ ऑक्टोबर, रात्री

नीट लिहून ठेवतो, कारण उद्या प्रत्येक जण वेगळं सांगेल.

सुलभा ड्यूटीवर, मी दारावर, म्हणून नीलाला समोरच्या मिसेस कोवाल्स्कीबरोबर पाठवलं. त्यांची टीना नीलाच्याच वर्गात. आमच्या घराची पाळी येईपर्यंत त्यांच्या घोळक्यात आणखी पोरं मिसळली. एक समुद्री चाचा, एक भूत, एक केचपची बाटली. बेल वाजली. मी ताट घेऊन दार उघडलं. "ट्रिक ऑर ट्रीट!" म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू.

आता, उंबऱ्यावरून देवघेव करायची नसते. एक तर आपण बाहेर जावं, नाहीतर समोरच्याला आत घ्यावं. शिवाय उभ्याने खातात ते काय खाणं? मी म्हटलं, "कम, कम, सिट." पोरं आज्ञाधारक. आली, सोफ्यावर बसली. नीला कोपऱ्यात उभी राहून हळूच म्हणाली, "बाबा, नो. नोबडी डज दॅट." मी बशा मांडल्या, पाण्याचे पेले भरले. भुताला म्हटलं, चादर काढ, खायचं आहे ना?

आणि दार लावून घेतलं. बाहेर थंडी, घरात हीटर चालू. त्याच्या तेलाचा गॅलनचा भाव काय आहे!

टॉर्च घेऊन फुटपाथवर उभ्या आई-बापांना दिसलं ते एवढंच — पोरं आत गेली, दार बंद.

मिसेस कोवाल्स्की बेल न वाजवता आत. पायात बूट. "व्हॉट इज गोइंग ऑन हिअर?" मी म्हटलं, "यू ऑल्सो सिट." आणि पाणी पुढे केलं. तिने पेल्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला पेल्यातून विंचू देतोय. दोन्ही हातांना जमतील तेवढी पोरं धरून गेली. केचपची बाटली दारात अडकली, ती आडवी करून काढावी लागली. बशा भरलेल्या तशाच.

थोड्या वेळाने नीला एकटीच परत आली. "शी सेड आय शुड गो होम." टोपी सरळ होती. तोंड नव्हतं.

पुढची पोरं आली त्यांना पायरीवर उतरून दिलं. पुष्कळांनी घेतलं, थँक्यू म्हणाली. चिक्की संपली. म्हणजे पद्धतीत खोट होती, मालात नाही.

१ नोव्हेंबर

मालाचंही ऐका. सुलभा ड्यूटीवरून आली ती हसत. तिथल्या एक्सरेवाल्याने पोरांच्या पिशव्यांत मेणकागदातले चौकोन पाहिले, एक उचलून म्हणाला, "हे काय, बाथरूमची फरशी?" त्यांचा नियम असा की सुई असो नसो, घरी केलेलं सगळं कचऱ्याच्या टोपलीत. सुलभाने चौकोन ओळखले. "सगळे अगदी एकसारखे होते हो," म्हणाली. मला वाटतं, तिने ते कौतुकाने म्हटलं.

"आणि तू काहीच बोलली नाहीस?"

"काय बोलू? फरशी आमच्या ह्यांनी केलीय म्हणून सांगू?"

२ नोव्हेंबर

रोलरला तेल दिलं.

३ नोव्हेंबर

तेराव्या तारखेला नीलाचा नववा वाढदिवस. घरी पार्टी. आमंत्रणं तिने शुक्रवारीच वर्गात वाटली होती, प्रत्येकावर स्वतः फुगा काढून. आज उत्तरं आली. कुणाला आजीकडे जायचंय, कुणाचा कुत्रा आजारी. टीनाने खरं सांगितलं. ती पोरगी मला आवडते. "तुझ्या घरी पोरांना कोंडतात, असं मॉम म्हणते."

नीला दप्तर ठेवून म्हणाली, "कॅन्सल करू या." मराठीत म्हणाली. तिला फार लागलं की ती मराठीत येते.

सुलभा म्हणते, "जाऊन सॉरी म्हणा."

"कशाबद्दल? पाणी दिल्याबद्दल?"

"दार लावल्याबद्दल."

तेलाचा भाव पुन्हा सांगितला. तिने ऐकून घेतला आणि कोट आणून हातात दिला.

३ नोव्हेंबर, नंतर

गेलो. मिस्टर कोवाल्स्कीने जाळीचं दार अर्धं उघडलं आणि ते धरूनच उभा राहिला. पाइपांचं काम करतो, मनगटं माझ्या पोटरीएवढी. मी सॉरी म्हटलं, पोरांचे दात वाचवायला हा खटाटोप केला असंही सांगितलं. तो म्हणाला, नथिंग पर्सनल. यंदा घरचं सगळेच फेकतायत. त्याच्या सासूचा केकसुद्धा बायकोने फेकला — सासूला सांगू नकोस.

"पण त्यात विष नव्हतं," मी म्हटलं.

"आय नो. पण आय डोन्ट नो," तो म्हणाला.

एवढं बोलेपर्यंत थंडीने माझे कान गेले. त्याने मला आत बोलावलं नाही. त्याच्या हिशेबी तो सभ्यपणेच वागत होता. आणि मीही रविवारी सभ्यपणेच वागत होतो! हे रस्ता ओलांडताना लक्षात आलं. चिडणं निम्मं उतरलं. निम्मं ठेवलंय.

४ नोव्हेंबर

त्र्यंबक जेवायला आला. नागपूरचा. इथे विद्यापीठात अन्नशास्त्रात पीएचडी करतो — कापलेलं सफरचंद काळं का पडतं. चार वर्षं झाली, सफरचंद अजून काळं पडतंय. पोरगा चांगला आहे, फक्त तिसऱ्या पोळीनंतर सल्ले देतो.

"काका, गूळ हेल्दी वगैरे ठीक आहे, पण शेवटी तीही शुगरच ना यार."

"मग ती चौथी वडी खाली ठेव."

ठेवली नाही. म्हणाला, "तुमचा प्रॉब्लेम चिक्की नाहीये. ती बनताना कोणी पाहिली नाही, हा प्रॉब्लेम आहे. कंपनीच्या पाकिटावर लोकांचा भरवसा असतो. तुमच्यावर का ठेवतील? मी तुम्हाला ओळखतो तरी मला डाउट येतो."

कल्पना माझ्या डोक्यात होतीच. त्याने फक्त आधी बोलून दाखवली.

शनिवारी गॅरेजचं दार उघडं टाकून चिक्की करणार. सगळ्यांच्या देखत.

नीलाला सांगितलं. तिने उशी तोंडावर घेतली.

६ नोव्हेंबर, शनिवार

पानं गोळा करायचा दिवस, म्हणून आख्खा रस्ता अंगणात. ड्राइव्हवेवर टेबल लावलं, त्यावर पोलादी पत्रा, शेजारी कॅम्पिंगचा स्टोव्ह. गूळ, शेंगदाणे, तूप, सगळं उघडं मांडलं. पाट्या नाहीत, आरडाओरडा नाही. मी काय मदारी आहे?

गुळाचा पाक उकळला आणि वास सुटला. पहिला आला कुत्रा — तो 'आजारी' असलेला. ठणठणीत. त्याच्यामागे त्याची मालकीण. ती माझ्याकडे बघेना, मी कुत्र्याकडे बघत राहिलो.

पाकाचा थेंब पाण्यात टाकला, उचलून मोडला. टक्. दाणे घातले, पत्र्यावर ओतलं, रोलर फिरवला. चार हात आणि चादर तयार. एवढ्यात मागून आवाज, "हू मेड दॅट रोलर?"

कोवाल्स्की. हातात पानं ओढायचा पंजा.

"आय मेड."

त्याने कॉलरवरून अंगठा फिरवला. उलटा करून दुसरं टोक पाहिलं. "कुठे शिकलास?" मी म्हटलं, सांगलीला, मोटारींचं वाइंडिंग भरायच्या दुकानात, आणि उरलेलं चुकत चुकत. त्याने मान हलवली. आमच्या ओळखीतले पदवीवाले अजून विचारतात, तुमचं कॉलेज कुठलं. याने विचारलं, लेथ कुठला.

मिसेस कोवाल्स्की रस्ता ओलांडून आली, हाताची घडी घालून. गुळाच्या ढेपेकडे बोट. "अँड व्हॉट इज दॅट?" उसाचा रस आटवतात, असं सांगितलं. "दिसतं चिखलासारखं." मी म्हटलं, "मॅडम, तुमची कॉफी कशी दिसते?" नवरा हसला. ती नाही. "तू आधी खा." खाल्ली. "आता तुझी मुलगी." नीलाने खाल्ली — गॅरेजमध्ये खोक्यामागे होती, तिथून येऊन. मग कोवाल्स्कीने एक मोठा तुकडा तोंडात टाकला, कडकन चावला, आणि थांबला.

दाढेतलं सिमेंट निघालं. चिक्कीसकट हातात आलं.

मी मनात म्हटलं, दिगंबर, आता गाशा गुंडाळ.

कोवाल्स्कीने तो तुकडा उजेडात धरला, डेंटिस्टच्या घराकडे बघितलं आणि असा हसला की कुत्रा भुंकायला लागला. "दात वाचवायला केलीस ना रे ही?" सिमेंट खिशात ठेवलं आणि उरलेली चिक्की दुसऱ्या बाजूने खाल्ली. मग टीना आली. मग सगळी आली. मिसेस कोवाल्स्कीने राजगिऱ्याची वडी घेतली, मऊ असते म्हणून. मग दुसरी घेतली.

जाताना म्हणाली, "पुढच्या शनिवारी किती वाजता आहे पार्टी?"

७ नोव्हेंबर

चिक्कीची जाडी दीड मिलिमीटर करणार. नवी कॉलर. लोकांच्या दाढांचा विचार करायला हवा.

१३ नोव्हेंबर, शनिवार

सगळी पोरं आली. आयासुद्धा, आणि गेल्या नाहीत. बसल्या. बूट घालून! मी डोळे मिटून घेतले. दार मी उघडंच ठेवलं होतं, शेवटी मिसेस कोवाल्स्कीच म्हणाली, "फॉर गॉड्स सेक, शट द डोअर, इट्स फ्रीझिंग."

सुलभाने दिवाळीचा चिवडा काढला. तो तिखट लागून टीना नळाखाली तोंड धरून उभी. नीला इतकी हसली की उचकी लागली. हे पाहायला मिळालं.

मिसेस कोवाल्स्कीचा भाऊ तिच्याकडे आला होता, तोही आला. त्याचं हायलंड पार्कला हेल्थ फूडचं दुकान आहे. तीन वड्या खाल्ल्या, माझा हात सोडेना. म्हणाला, पुढच्या हॅलोविनच्या संध्याकाळी माझ्या दुकानात ये, खिडकीत उभा राहून सगळ्यांसमोर हे लाट. वर्तमानपत्रवाल्यांना बोलावतो. आई-बापांना कँडीऐवजी असंच काहीतरी हवंय, आणि ते बनताना बघायचंय. रक्कमही सांगितली. सुलभाच्या हातातला चमचा थांबला. मी म्हटलं, उद्या सांगतो. पण खरं म्हणजे होच होता. डोक्यात मी खिडकीचं माप घ्यायला लागलो होतो.

१४ नोव्हेंबर

सकाळी नीलाला दुकानाचं सांगितलं. तिने विचारलं, "हॅलोविनलाच का?" मग म्हणाली, सगळ्यांचे बाबा टॉर्च घेऊन मागून चालत असतात, काही बोलत नाहीत, फक्त चालतात. "यू वर बिझी विथ द चिक्की."

कोवाल्स्कीच्या मेहुण्याला फोन केला. त्या संध्याकाळी जमणार नाही, टॉर्च घेऊन नीलामागून चालायचंय म्हणून सांगितलं. एका संध्याकाळचे पाचशे डॉलर सोडले.