ड्रायव्हरच्या सीटवरील डागाबाबत

मी, वर्लीन हावेल्का, माहेरची पेशेक, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा पिकअप ट्रकमधल्या चामडी सीटा साफ करून त्यांना मलम देणे, राहणार नोव्हाक क्रॉसिंग, टेक्सास, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची झडप ठिकाणावर नाही, पण तिला सही करायची नाही. डॉक्टरांनी गेल्या मंगळवारी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि मी त्यांच्या आधी दोनवर पोचले. हे लिहिताना कोणी माझा हात धरलेला नाही. तशी कोणाची छातीही नाही. माझा नवरा डॉयल हयात असताना आम्ही दोघांनी केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द समजावे.

कलम १. आधी आभार, मग मालमत्ता. वकीलबाई मिस प्रुइट म्हणाल्या, मृत्युपत्रात आभाराचे कलम नसते. मी म्हटले, माझ्यात आहे.

माझे वडील अल्फोन्स पेशेक खोगिरे शिवत. त्यांनी मला आठव्या वर्षी कातड्यावर पाण्याचा थेंब टाकायला शिकवले. थेंब आत जिरून काळा ठिपका उठला तर कातडे उघडे आहे, त्याला खायला घाला. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर वरून थर दिलेला आहे, त्याला फक्त आंघोळ घाला. एवढ्या एका थेंबावर मी अडतीस वर्षे पोट भरले. पप्पा, तुमचे आभार.

होमर स्टबल्फील्डचे आभार. तो पलीकडच्या गुरांच्या रँचवर राहतो. शहाऐंशी साली त्याने नवा ट्रक आणला आणि बापाच्या खोगिराला लावतात तेच जनावरांच्या खुरांचे तेल सीटांना चोपडले. इथला प्रत्येक रँचवाला आयुष्यात एकदा ही चूक करतोच. थर दिलेल्या कातड्यात ते तेल जिरत नाही, शिवणीत उतरते आणि दोरा कुजवते. होमर ट्रक घेऊन माझ्या दारात आला. विजारीची मागची बाजू तेलाने माखलेली.

"वर्लीन, बायको मला घरात घेत नाही. सोफ्यावर बसू देत नाही."

"बरोबर करते. उतर खाली, आणि माझ्याही खुर्चीवर बसू नकोस."

ते माझे पहिले गिऱ्हाईक. सबंध काउंटीत त्यानेच माझे नाव केले. होमरच्या पोटात काही राहत नाही, याचा मला एवढाच फायदा झाला.

कलम २. घर आणि त्याखालची अर्धा एकर जागा माझी एकुलती एक मुलगी मार्ला टिडवेल, राहणार अमारिलो, हिला. मागचे दार दमट हवेत अडकते. ते खांद्याने ढकलावे, लाथेने नाही.

कलम ३. बँकेत जे असेल ते, अंत्यविधीचा खर्च जाऊन, तिलाच.

कलम ४. शेड, शेडमधला नळ, व्हॅक्यूम, सगळी फडकी आणि गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वही इनेस त्रेविन्यो हिला. इनेस बारा वर्षे माझ्याबरोबर काम करते. पहिल्या दिवशी मी तिला विचारले, आधी काय करशील? ती म्हणाली, "आधी बघेन, मिस वर्लीन." तिथेच मी तिला ठेवून घेतले. आता तिचा हात माझ्याहून हलका आहे. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहिते.

पप्पांच्या हातचा घोड्याच्या केसांचा ब्रशही तिलाच. तिला सगळे येते, तरी माझी खोड जात नाही म्हणून सांगते. आधी शिवणीतली पांढरी धूळ ओढून घ्यायची. ती राहिली तर घासताना वाळूच्या कागदाचे काम करते. साबण सीटवर ओतायचा नाही, ब्रशवर घ्यायचा. फेस काळा झाला की पुसायचा, वाळू द्यायचा नाही. मग सावलीत तासभर दारे उघडी ठेवायची. मलम बोटांनी लावायचे, कारण बोटांच्या उबेने ते आत जाते, आणि इतके पातळ की लावले का नाही अशी शंका यावी. उरलेले कोरड्या फडक्याने काढून घ्यायचे. डोळ्यात भरेल इतकी चकाकणारी सीट म्हणजे काम बिघडलेले असते.

कलम ५. यावरून आठवण झाली. माझा दीर अर्विन हावेल्का याला, शेडच्या वरच्या फळीवर ठेवलेला चकाकी आणणाऱ्या फवाऱ्याचा अर्धा डबा.

डबा त्याचाच आहे. चर्चच्या जत्रेच्या मिरवणुकीत त्या वर्षी जत्रेची राणी म्हणून निवडलेल्या मुलीला ट्रकच्या मागच्या हौद्यात बसवून न्यायचा मान त्याला मिळाला होता. आदल्या दिवशी मी त्याच्या सीटा नीट करून दिल्या. त्या त्याला पुरेशा चमकेनात, म्हणून त्याने सकाळी हा फवारा मारला. चौकात एक कुत्रे आडवे आले, अर्विनने ब्रेक दाबला आणि तो स्वतः सीटवरून घसरून स्टिअरिंगखाली गेला. त्याचा गुडघा असा अडकला की फादर आशीर्वाद देत होते तेवढा वेळ हॉर्न वाजत राहिला. राणीला काही झाले नाही. ती हसून हसून मुकुट पाडून बसली. एवढ्यावर थांबला असता तर मीही हसले असते. पण बाहेर निघाल्यावर तो चारचौघांत म्हणाला, "वहिनीनं सीटा केल्यात. बघा काय करून ठेवलंय!" त्या हंगामात माझ्याकडे सहा ट्रक कमी आले.

अर्विनला मी माफ केले आहे. डबा फक्त आठवणीसाठी.

कलम ६. मला डॉयलशेजारी ठेवावे. जेवणात सॉसेज, बटाट्याची कोशिंबीर आणि जर्दाळूचे व खसखशीचे सारण घातलेले कोलाचे, म्हणजे आमच्याकडचे गोड पाव, असावेत. कोलाचे घरी केलेले. दुकानातून आणले तर मला कळेल. जेवण झाल्यावर पुरुषांनी डॉमिनो खेळायला हरकत नाही, डॉयलच्या वेळीही खेळले होते.

कलम ७. ट्रक. खरे तर हा सगळा कागद याच्यासाठी काढला आहे.

डॉयलने तो दोन हजार तीन साली घेतला. आतल्या सीटा खोगिराच्या कातड्याच्या, वरून थर नसलेल्या. असे कातडे सगळे पिते: पाणी, तेल, घाम, ऊन. वर्षातून दोनदा मी त्यांना साफ करून मलम द्यायची, एक ड्रायव्हरची सीट सोडून. तिथे डॉयलच्या पाठीचा काळपट ठसा उमटला होता, खांद्यापासून मांडीपर्यंत. मी ब्रश घेऊन तिकडे वळले की तो म्हणायचा, "वर्ली, बाकी सगळा ट्रक तुझा. एवढी माझी जागा राहू दे."

दोन हजार दहाच्या ऑक्टोबरात, सकाळी गुरांना चारा टाकताना, तो गेला. दफनाच्या आदल्या दिवशी घर माणसांनी भरले होते. बायका मला स्वयंपाकघरात कशाला हात लावू देईनात. सगळे म्हणत, तू बस. मला बसवत नव्हते आणि रडूही येत नव्हते. मी शेडमध्ये गेले. माझ्या हातांना एकच काम येते, ते मी केले. डॉयलच्या ठशावर कॉर्नफ्लॉवर दाबून बसवले, तेल ओढून घेतले, झटकले, पुन्हा बसवले. तीनदा. मग साबण, मग मलम. संध्याकाळपर्यंत सीट नवी झाली. उद्या ट्रक चर्चच्या दाराशी जाईल तेव्हा डॉयलचे सगळे नीटनेटके दिसेल, असे मला वाटले.

तेवढ्यात मार्ला पोचली. नऊ तास गाडी चालवून आली होती. ती घरात शिरली नाही. सरळ ट्रककडे गेली आणि दार उघडून बापाच्या जागेवर बसली. मग उतरली.

"ममा, डॅडी कुठंयत?"

मला वाटले, पोरीला भ्रम झाला.

"इथं होते ते. त्यांची पाठ होती, वास होता. मी सगळ्या रस्त्यानं म्हणत होते, पोचले की त्यांच्या जागेवर बसेन. पुसून टाकलंस तू त्यांना!"

तेव्हा मी तिला जवळ घ्यायला हवे होते. मी हातातले फडके घडी करत म्हणाले, "डाग होता तो, मार्ला."

त्यानंतर चौदा वर्षे होत आली. मार्ला नाताळला येते, ईस्टरला येते, भांडी घासते, मला औषधांचे विचारते. वाईट वागलेली नाही. पण त्या ट्रकला तिने परत हात लावला नाही. चर्चलाही ती स्वतःच्या गाडीतून जाते आणि मी मागून ट्रक घेऊन जाते. दोन गाड्या, एका घरच्या दोन बायका. गाव बघते.

त्या दिवसापासून ड्रायव्हरच्या सीटला मी ब्रश लावलेला नाही. नुसती धूळ झटकते. होमर मला चिडवतो, "दिव्याखाली अंधार का, मिस वर्लीन?" चिडवू दे. आता तिथे माझ्या पाठीचा ठसा पडला आहे.

सदर ट्रक मी मार्लाला देते. अट काही नाही. वापरावा, विकावा, माझा ठसा ठेवावा किंवा घासून काढावा. कॉर्नफ्लॉवर फळीवर आहे. फक्त एक वाक्य तिला वाचून दाखवावे, अशी कोर्टाला विनंती. मार्ला, तो डाग नव्हता. माझे चुकले.

कलम ८. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असे वकीलबाई म्हणतात. म्हणून होमर स्टबल्फील्ड आणि पोस्टातल्या जिनेव्हा कोल यांना सही करण्यापूर्वी मी पोटभर जेवू घातले आहे. त्यानंतर त्यांचा माझ्यावर काही हक्क राहिलेला नाही.

नोव्हाक क्रॉसिंग, शुक्रवार, ६ सप्टेंबर २०२४.
सही: वर्लीन हावेल्का
साक्षीदार: होमर स्टबल्फील्ड, जिनेव्हा कोल

पुरवणी

वरील मृत्युपत्र मी, तीच वर्लीन हावेल्का, पुढीलप्रमाणे बदलते. कारण असे घडले की होमर सही करून, हात पुसून घरी गेला आणि चार दिवस कसेबसे तोंड मिटून ठेवून पाचव्या दिवशी त्याने अमारिलोला फोन लावला. परवा शनिवारी दुपारी मार्ला दारात उभी. ना नाताळ, ना ईस्टर.

"कागद कुठंय?"

मी नक्कल दिली. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचू लागली. अर्विनच्या कलमाला हसली. सातवे कलम तिने दोनदा वाचले.

"हे जज वाचणार?"

"वाचणार."

"मिस प्रुइटनं वाचलंय. होमरनं वाचलंय. पोस्टातल्या बाईनंसुद्धा वाचलंय. दर रविवारी फोन करतेस तू मला, ममा. किती इंच पाऊस पडला ते सांगतेस. कोणाची गाय व्याली ते सांगतेस. आणि हे मी तू मेल्यावर वकिलाच्या ऑफिसात बसून ऐकायचं?"

"फोनवर जमत नाही गं मला."

"आता मी समोर बसलेय."

खुर्ची मागे सारून पळून जावे असे मला वाटले, पण मागचे दार दमट हवेने अडकलेले होते. मी म्हणाले. काय म्हणाले ते इथे लिहीत नाही, कारण ते आता कोणाला वाचून दाखवायचे राहिलेले नाही. त्या दिवशी शेडमध्ये जे रडायचे राहिले होते तेही झाले. मार्लाने माझी मान आपल्या खांद्यावर दाबून धरली. ती म्हणाली, "मीपण चौदा वर्षं धरून बसले. तुझीच मुलगी ना."

मग ती ट्रककडे गेली. दार उघडून तिने सीटवरून हात फिरवला.

"डॅडींचा खांद्यापर्यंत होता. तुझा पाठीच्या मध्येच संपलाय. एवढीशीच आहेस तू?"

"होते मोठी. आटले."

ती माझ्या ठशावर बसली आणि चावीसाठी हात पुढे केला. मी वळसा घालून दुसऱ्या बाजूने चढले. डॉयल गेल्यापासून त्या सीटवर कोणी बसलेले नाही. वर्षातून दोनदा मलम देऊनही ती फळीसारखी कडक झालेली होती. बसून बसून सैल होईल, असे मी मार्लाला सांगितले. ती म्हणाली, मग रोज बस. आम्ही चर्चपर्यंत गेलो, आत काही कार्यक्रम नव्हता, तरी गेलो, आणि परत आलो.

आज सोमवारी काउंटीच्या कचेरीत जाऊन ट्रकचा कागद मार्लाच्या नावावर केला. ती महिनाभर इथेच राहणार आहे. झडपेच्या ऑपरेशनला मी नाही म्हणत होते. त्याची तारीख तिने मला न विचारता घेतली आहे. मी तक्रार केलेली नाही.

सबब, कलम सात रद्द करण्यात येत आहे. ते लिहून ठेवणारीच्या हयातीतच पार पडले. बाकीची कलमे, अर्विनच्या डब्यासह, कायम.

नोव्हाक क्रॉसिंग, सोमवार, १६ सप्टेंबर २०२४.
सही: वर्लीन हावेल्का
साक्षीदार: होमर स्टबल्फील्ड (याचे आभार दुसऱ्यांदा मानले आहेत)
साक्षीदार: जिनेव्हा कोल